शरद जोशी: आंबेठाणच्या मळ्यातून राज्यसभेपर्यंत

कोरडवाहू (धागाकर्ता):

शेतकऱ्याच्या घरात जन्मून दिल्लीपर्यंत पोहोचलेले नेते आपल्या देशात पुष्कळ झाले. चरणसिंग, देवीलाल, देवेगौडा ही नावे कोणालाही चटकन आठवतील. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांची वाटचाल मात्र वेगळ्या टोकाकडून सुरू होते. ते जन्माने शेतकरी नव्हते. चाळिशी ओलांडल्यावर ठरवून ते शेतकरी झाले, शेती तोट्यात का जाते याचे उत्तर शोधताना आंदोलक झाले, आणि रस्त्यावरच्या लढाईने जे हाती आले नाही ते मिळवण्यासाठी पुढे राजकारणात उतरले. यातले पहिले दोन टप्पे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहेत. तिसऱ्याचा विषय निघाला की मात्र लोक हळहळतात किंवा खांदे उडवतात. हा धागा मुख्यतः त्या तिसऱ्या टप्प्यासाठी काढला आहे, पण त्यासाठी आधीचे थोडे सांगणे भाग आहे.

३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात जन्म, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे शिक्षण, काही काळ कोल्हापुरात अध्यापन, १९५८ पासून भारतीय टपाल सेवेत अधिकारी, आणि १९६८ पासून स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेच्या मुख्यालयात नोकरी. तिथला पगार आणि तिथले स्वास्थ्य सोडून ते कुटुंबासह परतले आणि १९७७ च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात चाकणजवळच्या आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. गरिबीची चर्चा परिषदांमधून होते, ती प्रत्यक्ष बांधावर कशी दिसते हे स्वतः पाहावे, असा त्यामागचा विचार होता. पुढे ‘अंगारमळा’ या नावाने ओळखला गेलेला मळा तो हाच.

शेतीत त्यांना जे दिसले ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होते, पण ते कोणी वहीत मांडलेले नव्हते. बियाणे, खत, पाणी, मजुरी, घरच्या माणसांचे राबणे, भांडवलावरचे व्याज हे सगळे खर्चात धरले तर पीक चांगले येऊनही हिशेब तोट्याचा निघतो. काही वेळा तर बाजारातून उलटी पट्टी हाती येते, म्हणजे माल विकून झाल्यावर हमाली, तोलाई आणि अडत वजा जाऊन शेतकऱ्यालाच वर पैसे द्यावे लागतात. तोवर शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे अज्ञान, आळस, व्यसन, लग्नातला खर्च अशी सांगितली जात. जोशींनी ती सारी बाजूला सारून एकच कारण पुढे ठेवले, की शेतीमालाचे भाव धोरण म्हणून पाडले जातात. निर्यातबंदी, जिल्हाबंदी (माल जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई), लेव्ही (सरकारी दराने सक्तीची विक्री) आणि साठ्यावरची मर्यादा ही त्या धोरणाची हत्यारे आहेत, आणि शहरांना व कारखान्यांना स्वस्त अन्न व स्वस्त कच्चा माल मिळावा हा त्याचा हेतू आहे, अशी ती मांडणी होती. ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही त्यांची भाषा इथूनच आली.

१९७८ मध्ये निर्यातबंदीमुळे कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा चाकणच्या बाजारात पहिले आंदोलन उभे राहिले. ९ ऑगस्ट १९७९ रोजी शेतकरी संघटनेची स्थापना झाली. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात माधवराव खंडेराव मोरे आणि प्रल्हाद पाटील कराड यांच्या साथीने ऊस व कांद्याचे आंदोलन झाले. उसाला टनामागे ३०० रुपये ही मागणी होती, रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या आणि हजारो शेतकरी तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला, त्याचा शेवट ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावलेला माणूस गावोगाव दिसू लागला तो याच काळात.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीच्या सभांमधून जोशी उघडपणे सांगत की आम्हाला निवडणूक लढवायची नाही, मते मागायला आलो तर जोडे मारा. त्याच माणसाने १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, आणि १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाबरोबर त्यांचाही पराभव झाला. ज्यांच्या सभेला लाखांची गर्दी जमे त्यांना मते का मिळाली नाहीत?

संघटन कमी पडले, पैसा नव्हता, जातीचे गणित जुळले नाही, ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत, पण ती प्रत्येक पराभूत पक्षाला लागू पडतात. मला वाटते की कारण त्यांच्या विचारातच होते. ‘सूट-सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम’ ही घोषणा मोर्च्यात अंगावर रोमांच आणते. मतदार मात्र उमेदवाराकडे जातो तो काहीतरी पदरात पडावे म्हणून. त्याला रोहित्र बसवून हवे असते, सोसायटीचे कर्ज हवे असते, मुलाला नोकरी हवी असते. सरकारने आमच्यासाठी काही करू नये, फक्त आमच्या वाटेतून बाजूला व्हावे, असे सांगणाऱ्या उमेदवाराला निवडून देऊन त्याच्याकडून आणायचे काय, हा प्रश्न त्या मतदाराला पडला असेल तर त्याला दोष देता येत नाही. आपल्याला काय वाटते?

हिशेबनीस:

मांडणी आवडली, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सरकारने बाजूला व्हावे ही मागणी पहिल्या दिवसापासून नव्हती. चाकणला कांद्याची सरकारी खरेदी व्हावी असा आग्रह होता. जानेवारी १९८० मध्ये पुणे जिल्ह्यातले वांद्रे गाव ते चाकण या दुर्लक्षित पट्ट्यातल्या रस्त्यासाठी मोर्चा निघाला होता, आणि रस्ता तर सरकारकडेच मागतात. उसाला ३०० रुपये द्या ही मागणीसुद्धा भाव ठरवण्याचा अधिकार सरकारचाच मानून केलेली होती.

म्हणजे १९८० चा शेतकरी ज्या जोशींच्या मागे गेला ते सरकारकडून रास्त भाव मिळवून देणारे नेते होते. १९९० नंतरचे जोशी खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या स्वतःच्या लेखी यात विसंगती नव्हती. सरकार भाव पाडते म्हणून आधी भरपाई मागायची आणि नंतर भाव पाडण्याची सत्ताच काढून घ्यायची, असा तो क्रम होता. हा क्रम आंबेठाणच्या प्रशिक्षण शिबिराला बसलेल्या कार्यकर्त्याला समजला असेल. सभेच्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यात दोन वेगळे शरद जोशी दिसले.

डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या वेळी हे सर्वांत ठळकपणे दिसले. कर्नाटकात नंजुंडस्वामी आणि उत्तर प्रदेशात महेंद्रसिंग टिकैत या प्रस्तावाच्या विरोधात आंदोलने करत होते, डावे आणि स्वदेशीवाले दोघेही विरोधात होते, आणि देशातले एक मोठे शेतकरी नेते मात्र त्याचे जाहीर समर्थन करत होते. आपले सरकार शेतकऱ्याला उणे सबसिडी देते, म्हणजे देण्यापेक्षा काढूनच अधिक घेते, तेव्हा जागतिक व्यापारात उतरल्याने भारतीय शेतकऱ्याचे नुकसान होण्याऐवजी श्रीमंत देशांच्या अनुदानांना चाप बसेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो चूक होता असे मी म्हणत नाही. १९९४ साली गावच्या पारावर तो समजावून सांगणे किती अवघड गेले असेल, एवढाच माझा मुद्दा आहे.

वऱ्हाडी_पाईक:

धागाकर्त्यांनी १९९५ च्या पराभवाचा उल्लेख केला आणि १९९० गाळले. त्या वर्षी जनता दलाच्या चिन्हावर संघटनेचे पाच आमदार विधानसभेत गेले होते. वरोऱ्याचे मोरेश्वर टेमुर्डे पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. सरोज काशीकर निवडून आल्या. राजुऱ्यातून वामनराव चटप तीन वेळा विजयी झाले, आणि त्यातला २००४ चा विजय तर स्वतंत्र भारत पक्षाचा होता. त्यामुळे विचार मतपेटीत चालतच नाही, हे सरसकट विधान मला मान्य नाही. जिथे स्थानिक माणूस बारा महिने लोकांमध्ये होता तिथे तो चालला.

विदर्भातच तो अधिक का चालला, यालाही कारण आहे. एकाधिकार कापूस खरेदी योजनेत आमच्या भागातल्या शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागे. राज्याची सीमा ओलांडून चार पैसे अधिक देणाऱ्या व्यापाऱ्याला तो विकणे गुन्हा होता. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून घासाघीस आणि चुकाऱ्याची वाट पाहणे हे ज्याने भोगले त्याला सरकारने बाजूला व्हावे याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना, बँक, दूध संघ आणि शिक्षण संस्था एकाच घराण्याच्या हाती असत, आणि त्या जाळ्याच्या बाहेर पडून मत देणे म्हणजे आपल्या उसाची तोड लांबवून घेणे होते. तिथला ऊस उत्पादक आंदोलनात जोशींबरोबर येई आणि मतदानाच्या दिवशी कारखान्याबरोबर जाई. यात भाबडेपणा नव्हता, पक्का व्यवहार होता.

जातीचा विषय धागाकर्त्यांनी ओझरता उरकला. जोशी ब्राह्मण होते आणि विरोधकांनी ते वापरून घेतले, हे खरे आहे. पण शेतकऱ्यांनी आंदोलनात ती गोष्ट मनावर घेतली नाही. म. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची आठवण नव्याने जागवणारा हा ब्राह्मण नेता मराठा, कुणबी, माळी शेतकऱ्यांनी एक दशकभर डोक्यावर घेतला होता, हे महाराष्ट्राच्या राजकारणात वारंवार घडलेले नाही.

माजघर:

या चर्चेत अजून स्त्रिया आलेल्या नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. लाखांनी स्त्रिया आल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून परगावी रात्र काढली असेल. तिथे मांडलेला विचार असा होता की शेतीचे शोषण आणि बाईचे शोषण एकाच साखळीतले आहे, कारण शेतीतली सर्वाधिक कामे बाई करते आणि तिच्या श्रमाचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सर्व जागा स्त्रियांनीच लढवाव्यात असे तिथे ठरले. काही जागा मागायच्या नव्हत्या, सगळ्याच लढवायच्या होत्या. त्या निवडणुका नंतर लांबणीवर पडत गेल्या.

नोव्हेंबर १९९१ मध्ये शेगावच्या मेळाव्यात लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम पुढे आला. नवऱ्याने जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील त्या गावाला जोशी स्वतः भेट देत. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने यात आघाडी घेतली. सातबाऱ्यावर बाईचे नाव येण्यासाठी कायद्याची वाट न पाहता पुरुषांचे मन वळवता येते, हे तेव्हा प्रत्यक्ष घडले आणि हजारो घरांमध्ये घडले. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीचे सीतामंदिर जोशींनी पुढाकार घेऊन सावरले, तेही याच भावनेतून. घरातून काढलेल्या सीतेच्या वाट्याला जमीन आली नाही, ती आजच्या लक्ष्मीच्या वाट्याला यावी, असे ते सांगत.

आता २०१० कडे या. ९ मार्च रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मताला आले. बाजूने १८६ मते पडली आणि विरोधात १. ते एक मत शरद जोशींचे होते.

त्या दिवशी दूरचित्रवाणीवर त्यांना स्त्रीविरोधी ठरवणाऱ्यांना चांदवड ठाऊक नव्हते. पण ज्यांना ठाऊक होते त्यांनाही धक्का बसला, आणि त्यांत मीही होते. नंतर त्यांचे म्हणणे नीट वाचले. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर होता. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीत बदलणार असतील तर निवडून आलेल्या बाईला आपला मतदारसंघ बांधता येणार नाही, पाच वर्षांनी तो तिच्या हातून जाईल, आणि पुरुष प्रतिनिधीलाही आपली जागा राहील की जाईल हे माहीत नसल्याने काम करण्याचे कारण उरणार नाही. गावपातळीवर काय होते ते आपण पाहतोच. जागा राखीव असते तोवर सरपंचबाई, आणि आरक्षण उठले की घरात.

हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. तरीही मी त्यांच्या जागी असते तर विरोधात मत दिले नसते, कारण चांदवडचा मार्ग, म्हणजे स्त्रियांनी आपल्या बळावर सगळ्या जागा लढवण्याचा मार्ग, दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर कोणी चालून दाखवला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या पक्षानेही नाही. २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली तीतही जागा फिरत्याच ठेवल्या आहेत, तेव्हा त्या एका मतामागचा प्रश्न अजून जिवंत आहे.

कोरडवाहू:

माजघर, आपला प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. वऱ्हाडी_पाईक यांचा आक्षेपही मान्य करतो, मात्र १९९० चे यश जनता दलाच्या चिन्हावर आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या लाटेत मिळाले होते, हेही नोंदवायला हवे.

त्या काळाबद्दल थोडे अधिक. सिंह सरकारने जोशींना कृषिविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्ष केले आणि कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा दिला. राष्ट्रीय कृषी धोरणाचा मसुदा त्या समितीने तयार केला. शेतकऱ्यांना १०,००० रुपयांपर्यंत कर्जातून सूट मिळाली तीही याच सरकारच्या काळात. सरकार वर्षभरातच पडले आणि मसुदा कागदावर राहिला. पुढे वाजपेयी सरकारने त्यांना कृषी कार्यबलाचे अध्यक्ष नेमले, त्याचा अहवाल २००१ मध्ये आला. दोन वेगवेगळ्या विचारांच्या पंतप्रधानांनी एकाच माणसाचा सल्ला मागितला आणि दोन्ही वेळा तो सल्ला फाइलीत गेला. सत्तेच्या इतक्या जवळ जाऊन हाती इतके थोडे लागल्यावर स्वतःचा पक्ष हवा असे वाटणे मला स्वाभाविक वाटते.

राज्यसभेची सहा वर्षे (२००४ ते २०१०) त्यांना शिवसेना-भाजपच्या पाठिंब्याने मिळाली. १९८० च्या दशकात जातीयवादाविरुद्ध गावोगाव बोलणाऱ्या नेत्याने हा पाठिंबा घ्यावा, हे अनेक जुन्या सहकाऱ्यांना रुचले नाही, आणि मलाही रुचले नव्हते. पण सभागृहात गेल्यावर ते कोणाचे मिंधे झाले नाहीत. कोणत्याही पक्षाला नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा व्यक्त करावी लागते, ती सक्ती काढून टाकावी म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणले. ते मंजूर होणार नाही हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. महिला आरक्षणाच्या वेळी भाजपने विधेयकाला पाठिंबा दिला होता आणि जोशींनी एकट्याने विरोध केला.

मतमोजणी:

सर्वांनी जोशींचा विचार आणि मतदार यांचेच नाते तपासले आहे. मला इतर शेतकरी नेत्यांशी त्यांचे जे झाले ते अधिक निर्णायक वाटते.

१९८० च्या दशकात राज्याराज्यांतल्या शेतकरी संघटनांना एकत्र बांधणारी समन्वय समिती उभी राहिली होती. पंजाबच्या भारतीय किसान युनियनबरोबर १९८४ मध्ये चंदीगडच्या राजभवनाला वेढा पडला, तेव्हा महाराष्ट्रातले शेतकरीही तिथे गेले होते. देशव्यापी, पक्षविरहित शेतकरी आघाडीच्या इतके जवळ आपण त्यानंतर फार काळ आलो नाही. मग २ ऑक्टोबर १९८९ रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर टिकैत आणि जोशी एकाच मेळाव्यात येणार होते. तिथे दोन्ही गटांत व्यासपीठावरूनच झोंबाझोंबी झाली आणि सारे उधळले. तो दिवस नीट पार पडता तर १९९० चा सल्लागार अध्यक्ष दिल्लीत एकटा पडला नसता.

घरातही फूट पडत गेली. राजू शेट्टी २००४ च्या सुमारास वेगळे झाले, त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली, आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून ते थेट लोकसभेत गेले. हिशेबनीस यांच्या मुद्द्याला इथे पुरावा मिळतो. शेट्टींनी खुल्या बाजाराचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवले आणि उसाची पहिली उचल, म्हणजे कारखान्याकडून मिळणारा पहिला हप्ता, किती यावर लढत राहिले. म्हणजे १९८० चे जोशी घेतले आणि १९९४ चे सोडून दिले. मते त्याला मिळाली.

हिशेबनीस:

मतमोजणी, अगदी नेमके. फक्त एक भर घालतो. शेट्टींचा मार्ग उसाच्या पट्ट्यापुरता चालतो, कारण तिथे भाव देणारा कारखाना समोर दिसतो आणि त्याचे गेट अडवता येते. कांदा, टोमॅटो, सोयाबीन, कापूस यांना असे गेट नाही. त्यांचा भाव निर्यातबंदी, आयात शुल्क आणि साठामर्यादा यांवर हलतो आणि ते निर्णय दिल्लीत होतात. म्हणून त्या पिकांसाठी जोशींचेच म्हणणे अजून लागू आहे, मग ते मतपेटीत चालो वा न चालो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली तेव्हा लासलगावात जे बोलले जात होते ते १९७८ च्या चाकणपेक्षा फार वेगळे नव्हते.

वऱ्हाडी_पाईक:

१२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतरची एक गोष्ट इथे नोंदवतो. २०२० च्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर आंदोलन सुरू होते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार सदस्यांची समिती नेमली, तीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. दुसरे शेतकरी नेते होते भूपिंदरसिंग मान, जोशींचे समन्वय समितीतले जुने सहकारी, आणि पंजाबातल्या भावना पाहून त्यांनी काही दिवसांतच अंग काढून घेतले. बाजार समितीबाहेर विक्रीची मोकळीक हा त्या कायद्यांचा गाभा संघटनेची जुनी मागणी होती, म्हणून घनवट सुधारणांसह त्यांच्या बाजूने राहिले. नोव्हेंबरमध्ये सरकारने कायदे मागे घेतले.

त्या वर्षभरात आमच्या गावात दोन तट होते. एका घरात तर बाप संघटनेचा जुना पाईक आणि मुलगा दिल्लीच्या आंदोलकांच्या बाजूचा. दोघेही रास्त भावच मागत होते. मुलाचे म्हणणे हमीभावाचा कायदा करा, बापाचे म्हणणे आधी बंधने उठवा. हिशेबनीस म्हणतात ते १९८० चे आणि १९९४ चे जोशी तेव्हा एका ओसरीवर बसून भांडत होते, आणि माझे स्वतःचे मत विचाराल तर मी बापाच्या बाजूने होतो.